फुलालाही तेच, साऱ्यालाही तेच

आपण फुले खुडतो, कापूस वेचतो, वर्गणी गोळा करतो आणि सारा वसूल करतो. १०६६ नंतर इंग्लंडवर राज्य करणाऱ्या नॉर्मन सरदारांच्या फ्रेंच बोलीत, म्हणजे अँग्लो-नॉर्मनमध्ये, या सगळ्याला एकच क्रियापद चाले : ‘कुइलिर’. त्याचे मूळ लॅटिन ‘कोलिगेरे’, एकत्र वेचणे. त्यातल्या ‘लेगेरे’चा अर्थ वेचणे आणि वाचणेही. (आपल्या ‘वेचणे’चा दुसरा अर्थ खर्चणे, पण तो ‘व्यय’पासून आलेला निराळा शब्द.)

फळाला आणि कराला एकच शब्द वापरणे राज्यकर्त्यांना खटकले नसावे. ज्यांच्याकडून कर जाई, त्यांची भाषा मात्र इंग्रजी होती. फ्रेंच लोकांना समजत नाही, म्हणून न्यायालयात इंग्रजी बोलावी, असा कायदा १३६२ मध्ये झाला. तो लिहिला मात्र फ्रेंचमध्येच! १३७७ मध्ये डोईपट्टी माणशी चार पेन्स होती, १३८० मध्ये ती बारा पेन्स झाली. लोकांनी घरातली माणसे लपवली. चुकवलेल्या पट्टीची चौकशी करायला अधिकारी एसेक्समधल्या ब्रेंटवुडला आले आणि १३८१ चे शेतकऱ्यांचे बंड पेटले.

इंग्रजीत ‘गॅदर’ हा गोळा करण्याचा घरचा शब्द टिकला; ‘टॅक्स’ आणि ‘रेंट’ फ्रेंचमधून आले. ‘कुइलिर’चे झाले ‘कल’ : आधी निवडून घेणे, पुढे कळपातली निरुपयोगी जनावरे निवडून मारणे. त्याच लॅटिन मुळाचा ‘कलेक्टर’ही अँग्लो-नॉर्मनमधूनच इंग्रजीत शिरला.

हा शब्द आपल्या चांगल्याच ओळखीचा. कंपनीने १७७२ मध्ये बंगालमध्ये कलेक्टर नेमले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने दख्खनेतही ते आणले. त्यांच्यासमोर जी दप्तरे उघडली, त्यांत ‘जमा’ आणि ‘वसूल’ हे शब्द आधीपासून बसलेले होते. दोन्ही मूळचे अरबी, फारसी कारभारातून मराठीत आलेले; आणि ‘जमा’च्या धातूचा अर्थही गोळा करणे हाच. म्हणजे एका परक्या राजवटीच्या वसुलीच्या शब्दांवर दुसरीचा शब्द येऊन बसला. आज कागदोपत्री ‘जिल्हाधिकारी’ लिहितात, त्यात गोळा करण्याचा मागमूस नाही. तरी सातबाऱ्याच्या कामाला निघालेला माणूस अजून ‘कलेक्टर कचेरी’च म्हणतो.