बव्हेरिया-ऑस्ट्रियाची आगगाडी : वेळापत्रकामागचा इतिहास

बव्हेरिया आणि त्याला लागून असलेला ऑस्ट्रियाचा भाग आगगाडीने फिरायचा, असा बेत सध्या आमच्या घरी शिजतो आहे. आम्ही पाच जण : मी, बायको, आठवीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि सत्तरीची आई. टूर कंपनीबरोबर गेलो तर आठवड्यात पाच देश 'होतात', पण बसच्या खिडकीतून काय पाहिले ते घरी आल्यावर धड सांगता येत नाही. म्हणून रेल्वे, आणि तीसुद्धा साध्या, थांबत थांबत जाणाऱ्या गाड्यांची. सरकारी कचेरीत फायली चाळण्यात उमर गेल्यामुळे मी वेळापत्रकही फायलीसारखेच वाचतो. फायलीच्या वरच्या कागदावर फक्त शेवटचा निर्णय असतो, खरी हकीकत तळाच्या पिवळ्या कागदांत असते. या रेल्वेमार्गांचेही तसेच आहे. कुठली गाडी कुठून का जाते, याचे उत्तर दीड-दोनशे वर्षे मागे सापडते.

सुरुवात न्यूर्नबर्गपासून करायची, हे मी आधीच ठरवून टाकले आहे. ७ डिसेंबर १८३५ रोजी न्यूर्नबर्ग ते फ्यूर्थ या जेमतेम सहा किलोमीटरच्या मार्गावर जर्मन भूमीतली वाफेच्या इंजिनाची पहिली प्रवासी गाडी धावली. इंजिनाचे नाव 'आडलर', म्हणजे गरुड. ते इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला स्टीफन्सनच्या कारखान्यात तयार झाले आणि सुटे भाग पेट्यांत भरून इकडे आणले गेले. ते चालवायला माणूसही तिकडचाच आला, विल्यम विल्सन. गंमत म्हणजे कोळसा इतका महाग पडे की सुरुवातीच्या काळात बहुतेक फेऱ्या याच रुळांवरून घोडे ओढून नेत! पुढच्याच वर्षी या गाडीने पहिला माल वाहिला, तो म्हणजे बिअरची दोन पिंपे. बव्हेरियात दुसरे काय अपेक्षित होते म्हणा. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ साली सुटली, म्हणजे याच्यानंतर अवघ्या अठरा वर्षांनी.

या रेल्वेला नाव बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याचे, पण त्याचा स्वतःचा जीव मात्र कालव्यात गुंतलेला. माइन आणि डॅन्यूब या नद्या जोडणारा मोठा कालवा त्याने १८३६ ते १८४६ या काळात खोदून घेतला. तो पुरा होईपर्यंत रेल्वे इतकी पुढे गेली होती की कालवा मागे पडला. रेल्वेचा पैसा व्यापाऱ्यांचा आणि नागरिकांचा होता. म्युनिक-ऑग्सबर्ग मार्गही खाजगी कंपनीनेच बांधला, १८४० मध्ये तो पूर्ण झाला आणि १८४४ मध्ये सरकारने तो विकत घेतला.

आता म्युनिकहून साल्झबर्ग. आमच्या प्रवासाचा हा मधला आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, साध्या गाडीने पावणेदोन तासांच्या आसपास. साल्झबर्ग म्हटले की मोझार्ट, आणि मोझार्ट म्हटले की ऑस्ट्रिया, असे आपण धरून चालतो. पण १७५६ मध्ये तो जन्मला तेव्हा साल्झबर्ग ऑस्ट्रियात नव्हतेच. तिथे आर्चबिशपचे स्वतंत्र संस्थान होते. १८०३ मध्ये ते संपले, मग नेपोलियनच्या धामधुमीत हे शहर या हातातून त्या हातात गेले. १८१० मध्ये ते बव्हेरियाला मिळाले आणि १८१६ च्या तहाने ऑस्ट्रियाकडे आले. तहात साल्झाख नदीची सीमा ठरली आणि नदीकाठचे लाउफेन गाव दोन राज्यांत वाटले गेले. पलीकडचा ओबर्नडॉर्फ हा भाग ऑस्ट्रियात गेला. 'सायलेंट नाइट' हे नाताळगीत पहिल्यांदा गायले गेले ते त्याच ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये, १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला. आपल्या गोव्यात डिसेंबरात गावोगावी ऐकू येणारे हे गाणे अशा नुकत्याच तुटलेल्या गावातून आले आहे, हे मला हा बेत आखताना कळले.

सीमा आखल्यानंतर पस्तीस वर्षांनी, १८५१ मध्ये, बव्हेरिया आणि ऑस्ट्रिया यांनी रेल्वेचा करार केला. म्युनिकहून एक मार्ग साल्झबर्गला आणि दुसरा रोझेनहाइमवरून कुफस्टाइनमार्गे इन्सब्रुकला न्यायचा असे ठरले. इन्सब्रुकचा मार्ग १८५८ मध्ये जोडला गेला. साल्झबर्गला १ ऑगस्ट १८६० रोजी म्युनिकची गाडी पोचली आणि त्याच महिन्यात व्हिएन्नाची बाजूही जोडली गेली. उद्घाटनाला ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ आणि बव्हेरियाचा राजा मॅक्सिमिलियन दोघेही हजर होते. व्हिएन्नाकडच्या रेल्वेचे नाव सम्राज्ञी एलिझाबेथचे. ही 'सिसी' म्हणजे म्युनिकची लेक, १८५४ मध्ये लग्न होऊन व्हिएन्नाला गेलेली. तिचे माहेर आणि सासर या रुळांनी जोडले गेले म्हणा ना!

दोन राज्यांच्या करारातून जन्मलेली रेल्वे आपल्या दारातच आहे. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला आणि त्यातून मुरगाव बंदरापासून कुळ्याला, तिथून दूधसागराचा घाट चढून कॅसलरॉकला जाणारी रेल्वे १८८० च्या दशकात झाली. कुळे पोर्तुगिजांचे, कॅसलरॉक ब्रिटिशांचे. दोन्हीकडे कस्टम. माझी आजी (आईची आई) खानापूरची. लग्न होऊन कुळ्याच्या बाजूला आली ती याच गाडीने. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि ही वाहतूक बंद पडली. माझी आई त्याच वर्षी जन्मली. तिच्या मामाने तिला पहिल्यांदा पाहिले ते गोवा मुक्त झाल्यावर, ती शाळेत जाण्याएवढी झाली तेव्हा. आजी सहा वर्षे माहेरी गेली नाही. तिची आई त्या काळात वारली, तेही तिला नंतर कळले. नाकेबंदीमागचे राजकारण मला समजते आणि मुक्तीबद्दल माझ्या मनात किंतू नाही. पण बंद झालेल्या गाडीची किंमत कोण मोजतो, हेही आमच्या घरात माहीत आहे.

म्हणूनच बेताचा नकाशा आईला दाखवला तेव्हा तिने किल्ले, बर्फ, खाणे यांतले काहीच विचारले नाही. तिने विचारले, "मध्ये सीमा लागते तिथे उतरायला लावतात काय रे?"

याचे उत्तर सोपे नाही. म्युनिक-साल्झबर्ग गाडीत सीमा तपासणी अनेक पिढ्यांनी पाहिली. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा सीमा पुसली गेली आणि ऑस्ट्रियाची रेल्वे जर्मन रेल्वेत विलीन झाली. ती पुसली जाणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हते. युद्धानंतर सीमा परत आली. ऑस्ट्रिया १९९५ मध्ये युरोपीय संघात गेला, १९९८ मध्ये शेंगेन करारानुसार तपासणी उठली. मग १३ सप्टेंबर २०१५ रोजी जर्मनीने ती पुन्हा सुरू केली. त्याआधी आठवडाभर सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून निघालेले हजारो निर्वासित हंगेरी-ऑस्ट्रियामार्गे म्युनिक स्टेशनवर उतरत होते. काही म्युनिककर टाळ्या वाजवून, पाणी आणि खेळणी देऊन त्यांचे स्वागत करत होते. तपासणी सुरू झाली त्या संध्याकाळी ऑस्ट्रियाहून येणाऱ्या गाड्या काही तास बंदच होत्या. 'तात्पुरती' म्हणून आलेल्या या तपासणीची मुदत नंतर पुन्हा पुन्हा वाढवली गेली. तेव्हा आईला मी सांगितले, उतरावे लागत नाही, पण परतताना पोलीस डब्यात येतील, पासपोर्ट पिशवीच्या तळाशी ठेवू नकोस.

साल्झबर्गहून इन्सब्रुकला दोन वाटा आहेत आणि इथे इतिहास थेट तिकिटावर येतो. १८७५ पर्यंत व्हिएन्नाहून इन्सब्रुकला सरळ वाटेने जायचे तर बव्हेरियातूनच जावे लागे. स्वतःच्याच मुलखात जायला शेजाऱ्याचे अंगण! ते टाळण्यासाठी ऑस्ट्रियाने बिशोफ्सहोफेन, झेल आम झे, किट्झब्यूल असा डोंगरातला मार्ग १८७५ मध्ये काढला आणि त्याला सम्राटाची मुलगी गिझेला हिचे नाव दिले. ही गिझेला त्याआधी दोनच वर्षे लग्न करून बव्हेरियात गेली होती! पण डोंगरातली वाट लांब आणि हळू. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या जलद गाड्या आजही साल्झबर्ग ते कुफस्टाइन जर्मनीतून जातात. रोझेनहाइमच्या गावात न शिरता वळता यावे म्हणून १९८२ मध्ये तिथे एक वेगळे वळणही बांधले. आम्ही मात्र गिझेलाच्या वाटेनेच जाणार. वेळ दुप्पट लागेल, पण झेल आम झेचे तळे खिडकीत असेल.

इन्सब्रुकहून दक्षिणेला ब्रेनर खिंडीची रेल्वे जाते. १८६७ ची ही रेल्वे १३७१ मीटर उंचीची खिंड माथ्यावर बोगदा न खणता ओलांडते. पहिल्या महायुद्धानंतर तिच्या माथ्यावरच इटलीची सीमा आली. आम्ही तिकडे जाणार नाही, उत्तरेला मिटेनवाल्ड-गार्मिशमार्गे म्युनिकला परतणार. हा मार्ग १९१२ चा, सुरुवातीपासून विजेवर चालणारा. इन्सब्रुक सोडताच गाडी कड्याच्या अंगाने चढू लागते आणि खालचे खोरे बघता बघता लहान होत जाते. दूधसागराच्या घाटात दारात उभे राहून प्रवास केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मुलीची मागणी आहे नॉयश्वानस्टाइन किल्ल्याची, चित्रातल्या परीकथेसारखा आहे म्हणून. दुसऱ्या लुडविगने तो स्वतःच्या एकांतासाठी बांधला. १३ जून १८८६ रोजी तो तळ्यात मृतावस्थेत सापडला आणि सात आठवड्यांच्या आत किल्ला तिकीट लावून लोकांना खुला झाला. जवळच्या फ्युसेनला रेल्वे आली १८८९ मध्ये. ज्याला माणसे नको होती त्याच्या दारात गाडीने माणसांची रांग लावली, ती अजून हटलेली नाही. २०२५ मध्ये त्याच्या वाड्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जाही मिळाला. या राजाचा सोनेरी शाही डबा न्यूर्नबर्गच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

एक दिवस मात्र मी वेगळा राखून ठेवला आहे. २० नोव्हेंबर १९४१ रोजी म्युनिकच्या मिल्बर्ट्सहोफेन भागातून सुमारे हजार ज्यूंना गाडीत बसवून लिथुआनियातल्या कौनासला नेले आणि पाच दिवसांनी सगळ्यांना गोळ्या घातल्या. त्यात लहान मुलेही होती. त्या गाडीलाही वेळापत्रक होते, आणि ते कुणीतरी माझ्यासारख्याच कारकुनाने टेबलावर बसून लिहिले असणार. म्युनिकहून उपनगरी गाडीने डाखाऊला वीस-पंचवीस मिनिटांत जाता येते. १९३३ मध्ये नाझींनी उघडलेली छळछावणी तिथे स्मारक म्हणून जपली आहे. बायको म्हणते, सुट्टीत हे कशाला? मुलाला आणि आईला घेऊन ती त्या दिवशी म्युनिकच्या बागेत राहील. मुलीला मी विचारले, ती येते म्हणाली. 'आडलर'ची गोष्ट सांगायची आणि ही गाळायची, हे मला बरे वाटत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. बव्हेरियात 'बायर्न तिकीट' नावाचे दिवसभराचे तिकीट मिळते. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत साध्या गाड्यांतून राज्यभर फिरता येते, आणि ते साल्झबर्ग व कुफस्टाइनपर्यंत चालते. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच, जलद गाड्यांना नाही. आमच्यासारख्या पाच जणांच्या कुटुंबाला ते अगदी मापात बसते. व्हिसा दोन्ही देशांना मिळून एकच, शेंगेनचा, आणि जिथे जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे अर्ज. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट काढलेली बरीच घरे आहेत, त्यांना ही कटकट नाही. आमचे पासपोर्ट भारतीय, शिवाय मला खात्याचा ना हरकत दाखला हवा. तो अर्ज गेल्या सोमवारी आवक नोंदवहीत चढला आहे. आईने तिच्या पासपोर्टाला शिवून घेतलेली कापडी पिशवी मात्र तयार आहे, गळ्यात अडकवायची.