पूक्कोचे पाणी

श्रोतेहो, सुरीवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला उभा राहिला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. पोलादाची ओळख आम्हांस एका तंट्याने करून दिली. एका कारखान्यात छिन्न्यांची टोके पटापट उडू लागली आणि हलगर्जीपणाचा ठपका ठेवून फिटरांचे पैसे कापले गेले. तेव्हा एका वृद्ध लोहाराने तुटकी छिन्नी निरखून सांगितले, "पाणी पाजलंय, पण उतरवलं नाही." काम लवकर उरकावे म्हणून वरच्यांनी ती पायरीच गाळली होती! पैसे परत मिळाले. आम्हांस मात्र पोलादाविषयी वाचण्याचे वेड लागले आणि त्या वाचनात फिनलंडची पूक्को भेटली.

पूक्को म्हणजे कमरेला लटकवायची, एकाच बाजूस धार असलेली आखूड सुरी. मूठ बहुधा बर्च झाडाच्या लाकडाची किंवा सालीची. सुतार, कोळी, शिकारी, शेतकरी, सर्वांचे हे हत्यार. तिच्या पात्याची वाखाणणी करताना लोक तेथल्या लोखंडाला श्रेय देतात, ते आम्हांस पटत नाही. फिनलंडमध्ये सरोवरांच्या तळाशी जे लोहखनिज मिळे त्यात फॉस्फरस फार, आणि फॉस्फरसाने लोखंड थंडीत ठिसूळ होते. १६४९ साली स्थापन झालेल्या फिस्कार्सच्या कारखान्याला खनिज स्वीडनकडच्या ऊतो बेटावरून आणावे लागे. चांगले पोलाद महाग. मग गावच्या लोहाराने काय करावे? त्याने मऊ लोखंडात पोलादाची एक पट्टी घालावी आणि तापवून घणाखाली दोन्ही एकजीव करावीत. धारेपुरते पोलाद, बाकी लोखंड. धार कठीण राही आणि पाते वाकले तरी मोडत नसे. ही गरिबाची काटकसर, पण पात्याचा चिवटपणा तिनेच राखला.

पुढे अखंड पोलादाची पाती आली आणि कसोटी लागली ती लोहाराच्या डोळ्यांची. अशा पोलादात शेकडा एकाच्या आसपास कार्बन असतो. ते सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून लाल झाले की तेलात किंवा पाण्यात बुडवायचे. आता ते कठीण झाले, पण काचेसारखे. दगडावर पडले तर दोन तुकडे. म्हणून ते पुन्हा हलके तापवून पाणी उतरवायचे. घासून उजळ केलेल्या पात्यावर सुमारे २०० अंशांना फिका पिवळा रंग चढू लागतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते आणि ठिसूळपणाही पुष्कळ कमी होतो. निळ्यावर गेले तर स्प्रिंगसारखा चिवटपणा येतो, पण धार लवकर बसते. या दोन रंगांमधला अवधी फार थोडा. उष्णतामापक नसताना ज्यांनी तो साधला, त्यांतल्या बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

पश्चिम फिनलंडमधील काउहावा हे गाव या सुरीसाठी प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकात त्या भागात सुरे उपसणाऱ्या दांडग्यांनी इतका उच्छाद मांडला, की सुरीचेच नाव बदनाम झाले. (अवजाराला आरोपी करणे सोपे असते, हे आम्हांस वेगळे सांगायला नको.) त्याच काउहावात ईसाक्की यार्वेनपा याने १८७९ साली सुऱ्यांचा धंदा सुरू केला, घोड्याच्या डोक्याच्या मुठीची त्याची पूक्को गाजली. १९७७ साली सार्वजनिक जागी विनाकारण धारदार शस्त्र बाळगण्यास कायद्याने बंदी आली. कामासाठी सुरी जवळ ठेवण्यास मात्र हरकत राहिली नाही.

उत्तरेस रोव्हानिएमीला यान्ने मार्तीनी याने १९२८ साली कारखाना काढला. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी ते शहर जाळले. युद्धानंतर कारखाना पुन्हा उभा राहिला. आज तेथे न गंजणारी पाती होतात, तशी कार्बन पोलादाचीही होतात. लाकूडकाम करणारे पुष्कळजण अजून कार्बनचे पातेच पसंत करतात. त्याच्या धारेचा उतार रुंद व सपाट असतो. तो दगडावर टेकवला की कोन आपोआप साधतो आणि ज्याचे हत्यार त्यालाच ते पाजवता येते. मात्र ओले पाते म्यानात राहिले तर लगेच गंज धरते, म्हणून काम संपले की ते पुसून, तेलाचा हात फिरवून मगच आत सारतात.