सोन्याची खाण आणि कसाऱ्याचा घाट

शहापूर-मुरबाड भागातल्या शाळांत खडकांचा पाठ शिकवताना मुले एक प्रश्न विचारतात : आपल्या डोंगरात सोने सापडेल का? 'नाही' म्हणून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. पण हे 'नाही' का, आणि जेथे सोने सापडले तेथे ते काढण्यासाठी पैसा कोणी घातला, असे पुढे विचारत गेलो तर भूगोलाचा तास इतिहासात आणि इतिहासाचा तास गणितात शिरतो.

आधी खडक पाहू. माहुलीपासून नाणेघाटापर्यंतचा आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. कर्नाटकातील कोलारचे खडक याहून कितीतरी जुने, सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचे. तेथे जमिनीच्या पोटातील तप्त पाणी खडकांच्या भेगांतून वर चढले आणि गारगोटीच्या शिरांमध्ये सोन्याचे कण मागे ठेवून गेले. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांतही पाण्याने खनिजे भरली, पण ती झिओलाइट, कॅल्साइट अशी. ती दिसायला सुंदर, पण सोने नव्हेत.

कोलार भागात सोने आहे, हे गावकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. १८०२ मध्ये सर्वेक्षणासाठी आलेल्या लेफ्टनंट वॉरनने माती धुऊन सोने काढणारी माणसे पाहिली आणि त्याची नोंद केली. पुढे १८७१ च्या सुमारास न्यूझीलंडमधील युद्धातून परतलेला आयरिश सैनिक मायकेल लॅव्हेल याने येथे शोध सुरू केला. म्हैसूर सरकारकडून त्याने परवाना मिळवला, पण खोल विहिरीसारखी खाण खणणे एकट्याच्या खिशाला परवडणारे नव्हते. थोड्याच वर्षांत त्याचे हक्क दुसऱ्यांकडे गेले. १८८० मध्ये लंडनला म्हैसूर कंपनी स्थापन झाली आणि 'जॉन टेलर अँड सन्स' या खाणव्यवसायातील पेढीने तिचे काम पाहिले.

तो काळ सोन्याच्या वेडाचा होता. १८७९ ते १८८१ या काळात दक्षिणेतील वायनाडच्या सोन्यासाठी इंग्लंडमध्ये तीसहून अधिक कंपन्या निघाल्या. भागधारकांचे बरेचसे पैसे जमिनीची फुगवलेली किंमत चुकवण्यातच गेले, खणण्यासाठी थोडे उरले आणि सोने त्याहून थोडे निघाले. बहुतेक कंपन्या बुडाल्या. कोलारमध्येही पहिली तीन वर्षे निराशेचीच गेली आणि म्हैसूर कंपनीचे भांडवल संपत आले. उरलेले पैसे वाटून घ्यावेत, असे काही भागधारकांचे मत होते. शेवटी आणखी एक प्रयत्न करायचे ठरले. कॅप्टन प्लमरने जुन्या लोकांनी खणलेल्या खड्ड्यांच्या खाली खोल जाऊन पाहिले, आणि तेथे 'चॅम्पियन' नावाची समृद्ध शीर हाती लागली. प्राचीन खाणकामगार जेथे थांबले होते, तेथूनच नव्या कंपनीचे नशीब उघडले. पुढे वर्षानुवर्षे लाभांश मिळत राहिला.

आता शहापूरकडे येऊ. त्याच शतकात लंडनचा पैसा येथेही आला होता, तो रेल्वेच्या रूपाने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आसनगाव, खर्डी, कसारा असा मार्ग टाकला. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत सुमारे ३०० मीटरची चढण आणि १३ बोगदे असलेला थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. मात्र या कंपनीचा हिशेब कोलारहून निराळा होता. १८४९ च्या करारानुसार तिला जमीन फुकट मिळाली आणि भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी मिळाली. म्हणजे १०० पौंडांवर रेल्वेने ३ पौंडच कमावले, तर उरलेले २ पौंड हिंदुस्थानच्या महसुलातून दिले जात. त्या महसुलात आपल्या भागातील शेतकऱ्याचा सारा होताच.

कोलारला अशी हमी नव्हती. सोने निघाले नाही तर भागधारकाचे पैसे बुडणार होते. पण इंग्लंडच्या १८५५ च्या कायद्याने कंपन्यांना मर्यादित जबाबदारीची सोय दिली होती. त्यामुळे भागधारकाचे नुकसान फार तर त्याच्या भागाच्या किमतीइतके होई. घरदार विकायची वेळ येत नसे.

मग अमर्यादित जबाबदारी कोणाची? ती मजुराची. थळ आणि बोर घाटांच्या कामात अपघातांनी आणि पटकीने असंख्य माणसे मेली. कोलारमध्ये खाणी ३ किलोमीटरहून खोल गेल्या. तेथे दाबाखालचे खडक अचानक फुटत आणि गारगोटीच्या धुळीने फुप्फुसे निकामी होत. त्या खाणीत उतरणारे बहुसंख्य मजूर तमिळ मुलखातील दलित होते. त्यांच्या जोखमीला ना हमी होती, ना मर्यादा.

नव्या विज्ञानानेही कोलारचा धंदा वाढवला. १८८७ मध्ये शोधलेल्या सायनाइड पद्धतीमुळे बारीक दळलेल्या खडकातले उरलेसुरले सोनेही विरघळवून काढता येऊ लागले. १९०२ मध्ये शिवसमुद्रम् येथून सुमारे १५० किलोमीटर तारांवरून वीज आली. खाणी १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने ताब्यात घेतल्या, पुढे त्या केंद्राकडे गेल्या आणि २००१ मध्ये बंद झाल्या. तोवर सुमारे ८०० टन सोने निघाले होते. मागे उरले ते सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर. कोणत्याही ताळेबंदात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

वर्गात हा हिशेब करून पाहता येईल. एक टन खडकात १० ग्रॅम सोने धरले, तर १ किलो सोन्यासाठी किती खडक फोडावा लागेल? उत्तर आले की फळ्यावर तीन रकाने आखावेत : पैसा कोणाचा, फायदा कोणाचा, धोका कोणाचा. कोलारसाठी ते भरावेत, मग कसारा घाटासाठी. आणि शेवटी शहापुरातल्याच तानसा, वैतरणा, भातसा या धरणांसाठी, ज्यांचे पाणी मुंबईला जाते. तिसरा रकाना मुलांना बहुधा पुस्तकाबाहेर, घरच्या मोठ्या माणसांना विचारूनच भरावा लागेल. तसे झाले तर खाण आपल्या तालुक्यात नसल्याचे वाईट वाटायला नको.