बाखला विसरले कोण?

योहान सेबास्टियन बाखविषयी एक कथा पाश्चात्त्य संगीतावरच्या लेखांत बिनदिक्कत फिरत असते. १७५० मध्ये लाइपझिगला बाख वारला, जग त्याला विसरले, आणि ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये 'सेंट मॅथ्यू पॅशन' सादर करून त्याला पुन्हा जिवंत केले. कथा गोड आहे. पण खरी नाही.

पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधीच मान्य करतो. बाखच्या थडग्यावर साधा नावाचा दगडही नव्हता. त्याची पत्नी आना माग्दालेना १७६० मध्ये धर्मादायावर जगत वारली. 'आर्ट ऑफ फ्यूग' छापले गेले, पण खप इतका तुटपुंजा की मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने १७५६ मध्ये त्याचे तांब्याचे छपाईपत्रे विकायला काढले. कॅन्टाटांचा मोठा भाग हरवला. ही सारी प्रमाणे खरी. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

त्या काळी जर्मन नगरांत मागणी असे ती नव्या संगीताची. दिवंगत संगीतकाराची रचना सभेत वाजवण्याची रीत अजून रुळायची होती. इंग्लंडातला हँडल हा ठळक अपवाद, नियम नव्हे. कार्यक्रमपत्रिकेवर नाव नाही म्हणजे विस्मरण, हा न्याय लावला तर त्या पिढीतला जवळपास प्रत्येक संगीतकार विसरला गेला असे म्हणावे लागेल. मग एकट्या बाखचीच ही करुण कहाणी कशासाठी?

बाख सभेत नव्हता, शिकवणीत होता. 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' हा ग्रंथ १८०१ पर्यंत समग्र छापलाच गेला नाही. तरीही १७८३ मध्ये नेफे हा शिक्षक बॉनमधल्या आपल्या एका कोवळ्या शिष्याबद्दल छापील मजकुरात लिहितो की, हा मुलगा प्रामुख्याने हाच ग्रंथ वाजवतो. तो मुलगा म्हणजे बेटहोफन. न छापलेला ग्रंथ त्याच्या बोटांत आला कुठून? कुणीतरी तो हाताने उतरवला, शिकवला आणि पुढे दिला म्हणून. आपल्या ख्यालाच्या बंदिशी भातखंड्यांनी छापण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यातून गळ्यात आल्या. तोवर त्या विस्मृतीत होत्या असे कुणी म्हणेल काय? आणि १८०१ च्या सुमारास बॉन, लाइपझिग व झ्यूरिक इथले तीन प्रकाशक एकाच वेळी या ग्रंथामागे लागले. विसरलेल्या माणसावर असे पैसे कुणी लावत नाही. पुढच्याच वर्षी फोर्केलने लिहिलेले बाखचे चरित्र आले.

मोझार्टची साक्षही ऐकावी. १७८२ पासून व्हिएन्नात बॅरन फान स्वीटेनच्या घरी दर रविवारी तो बाख आणि हँडल वाजवत होता. १७८९ मध्ये लाइपझिगच्या थॉमस शाळेत मुलांनी बाखचे आठ आवाजांचे एक मोटेट गायले. संगीतलेखक रोखलिट्झने लिहून ठेवले आहे की, काही क्षणांतच मोझार्ट सावरून बसला. एकत्रित स्वरलेखन तिथे नव्हते, म्हणून त्याने प्रत्येक आवाजाचे सुटे कागद मागवले आणि हातांत, गुडघ्यांवर, शेजारच्या खुर्च्यांवर पसरून सगळे वाचून होईपर्यंत तो उठला नाही. मोझार्टला हे मोटेट नवे होते, हे खरेच. पण शाळेतल्या पोरांना ते पाठ होते. निवाडा करणाऱ्या वाचकाने ही दुसरी गोष्ट नजरेआड करू नये.

'हे जाणकारांचे झाले, सामान्य श्रोत्यांचे काय?' असा प्रश्न येईल. रास्त आहे. १७८६ मध्ये हॅम्बुर्गच्या जाहीर मैफलीत 'बी मायनर मास'मधला 'क्रेडो' सादर झाला. बर्लिनच्या झिंगाकाडेमी या गायनसंस्थेत हौशी गायक कितीतरी वर्षे बाखची मोटेटे गात होते. संचालक झेल्टरने 'पॅशन'चे भागही तालमीत घेतले होते. १८२९ च्या त्या प्रयोगाची तिकिटे संपली आणि दहा दिवसांत दुसरा प्रयोग लावावा लागला. अनोळखी नावासाठी असे होते?

मेंडेल्सोनचे श्रेय मोठे आहे. जी कलाकृती लाइपझिगबाहेर जाहीर सभेत सादर झाली नव्हती, ती त्याने, बरीच काटछाट करून का होईना, भरल्या सभेपुढे आणली. पण 'पॅशन'ची प्रत त्याला आजीने भेट दिली होती. आजीची बहीण सारा लेव्ही बाखच्या थोरल्या मुलाची, विल्हेल्म फ्रीडमानची शिष्या होती आणि बाखचे कॉन्चेर्टो ती झिंगाकाडेमीत वाजवत असे. आणि मेंडेल्सोनचा गुरू तोच झेल्टर. मेंडेल्सोनला मोठे करण्यासाठी या सगळ्यांना इतिहासातून पुसण्याची गरजच काय?