म्हातारी, ओठ आणि गुलाब

आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बोटाएवढा एक पिवळाधमक मासा आहे. संध्याकाळी दिवे मालवायची वेळ जवळ आली की तो तळाशी दोन घिरट्या घालतो आणि डोकं खुपसून वाळूत शिरतो. शेपटीचं टोक दिसेनासं होतं, वाळू पुन्हा सपाट होते. सकाळी उजेड झाला की तिथूनच वर येतो. हौशी मंडळी याला ‘यलो रॅस’ म्हणतात. पहिल्या रात्री तो मेला असं समजून मी वाळू उकरायला निघालो होतो. तेव्हापासून या ‘रॅस’ शब्दाचा माग काढतो आहे.

शब्द आज इंग्रजीत असला तरी त्याचं माहेर कॉर्नवॉल, इंग्लंडचं नैर्ऋत्य टोक. तिथल्या कॉर्निश भाषेत ‘ग्व्राख’ म्हणजे म्हातारी, चेटकीण. त्या भाषेची एक खोड अशी की स्त्रीलिंगी नामाआधी ‘अन’ हे उपपद आलं की नामाचं पहिलं अक्षर मऊ पडतं. ‘ग्व्राख’चा ‘ग’ गळतो आणि ‘अन व्राख’ होतं. हे गळालेलं रूप इंग्रजांच्या कानी पडलं आणि त्याचा ‘रॅस’ झाला. समुद्रापलीकडे, फ्रान्सच्या ब्रिटनीतही लोकांना म्हातारीच आठवली. ब्रेटन भाषेत या माशाला म्हातारीचंच नाव आहे आणि फ्रेंच कोळीही त्याला ‘व्हिएय’, म्हणजे म्हातारी, म्हणतात. जाड, पुढे आलेले ओठ आणि त्यातून डोकावणारे दात पाहिले की हे नाव का पडलं ते कळतं.

आपल्याला यात परकं काही वाटू नये. रुईचं बोंड फुटून पांढरे केस वाऱ्यावर तरंगू लागले की आपली मुलं ‘म्हातारी, म्हातारी’ करत मागे धावतात. आपण केस पाहिले, त्यांनी ओठ पाहिले.

पण कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या बॅलन रॅसचं आयुष्य नावापेक्षा अद्भुत आहे. या जातीचे सगळे मासे मादी म्हणूनच वाढतात आणि पुढे काही वर्षांनी त्यांतले थोडे नर होतात. म्हणजे ही ‘म्हातारी’ पुढे बाप्या होऊ शकते! टाकीतल्या अनेक रॅसचंही असंच असतं. म्हणून एकाच जातीचे दोन नर आणून भांडणं ओढवून घेण्यापेक्षा अनुभवी माणसं एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवतात.

शास्त्रज्ञांनीही या माशाचे ओठच पाहिले. 1758 साली लिनियसने ‘लॅब्रस’ हे नाव वापरलं आणि त्यावरून सगळ्या कुळाचं नाव ‘लॅब्रिडी’ पडलं. लॅटिनमध्ये ‘लाब्रुम’ म्हणजे ओठ. कोणी हे नाव ग्रीकमधल्या ‘हावरा’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात आणि माशाचं खाणं पाहिलं की तेही पटतं. पण ओठाचा धागा आपल्या जवळचा आहे. फारसीतला ‘लब’ त्याच घराण्यातला आणि ‘लबालब’ भरलेला पेला, ओठापर्यंत भरलेला, आपल्याही बोलण्यात आहे.

माझ्या पिवळ्याचं शास्त्रीय नाव ‘हॅलिकोरस क्रायसस’. ‘हॅलिकोरस’ म्हणजे समुद्राचं डुक्कर, ‘क्रायसस’ म्हणजे सोनं. हे डुक्कर मात्र लक्षात ठेवावं. वाळूत नाक खुपसणाऱ्या या माशाला तळाशी निदान दोन इंच बारीक वाळू हवी. काचेच्या उघड्या तळावर ठेवला तर तो निजणार कुठे?

उलट ‘फेअरी रॅस’ हे बाजारातलं गोड नाव फसवं आहे. ही परी वाळूत शिरत नाही. रात्री खडकांच्या कपारीत स्वतःभोवती चिकट द्रवाची पारदर्शक पिशवी विणून झोपते आणि दचकली की पाण्याबाहेर उसळी मारते. टाकीवर जाळी नसेल तर सकाळी परी फरशीवर सापडते.

अशाच एका परीला 2022 साली खरं नाव मिळालं. मालदीवच्या खोल, अंधुक प्रवाळात राहणारा हा गुलाबी मासा आधीच शोभेच्या माशांच्या बाजारात विकला जात होता, पण तोवर त्याला दुसऱ्याच जातीचा प्रौढ मासा मानत. वेगळी जात म्हणून वर्णन करणाऱ्यांत मालदीवचे संशोधक अहमद नजीब होते. नाव ठेवलं ‘सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा’. ‘फिनिफेन्मा’ म्हणजे मालदीवच्या धिवेही भाषेत गुलाब, तिथलं राष्ट्रीय फूल. शब्द सोडवून पाहा : ‘फिनि’ गार, ‘फेन’ पाणी, ‘मा’ फूल. धिवेही ही मराठीची चुलत बहीण. तिथे ‘प’चा ‘फ’ होतो, म्हणून आपलं ‘पाच’ तिथे ‘फस’ आणि आपलं ‘पाणी’ तिथे ‘फेन’. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही हीच भाषा बोलतात.

कॉर्निश भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ मुकी झाली, पण तिची म्हातारी जगभरच्या टाक्यांमध्ये पोहते आहे. भाषा जाते, माशाचं नाव उरतं, ते कोणीतरी टिपून ठेवलं म्हणून. तेव्हा टाकीसाठी मासा घ्याल तेव्हा दुकानातल्या नावावर थांबू नका, शास्त्रीय नाव विचारा. आणि मालवणच्या खडकांत किंवा लक्षद्वीपच्या प्रवाळांत असा रंगीत, जाड ओठांचा मासा दिसला, तर तिथल्या कोळ्याला त्याचं नाव विचारा आणि त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.