फाशी देतो कोण? काही शब्द आणि त्यांमागचा माणूस

‘त्याला फाशी झाली’, ‘तो फासावर गेला’ असे आपण सहज म्हणतो. या दोन्ही वाक्यांत फाशी देणारा माणूस कुठेच नाही. राजाचे नाव बखरीत येते, न्यायाधीशाचे निकालपत्रात. ज्याच्या हाताने शिक्षा अमलात येते, त्याला भाषेने सामान्यनामावर भागवले आणि समाजाला वाटणारी घृणा त्या सामान्यनामात साठवून ठेवली.

‘जल्लाद’ हा शब्द मूळचा अरबी. कातडीवाचक ‘जिल्द’ त्याच धातूचा. ग्रंथाच्या बांधणीला आपण म्हणतो ती जिल्द हीच. जल्लाद म्हणजे मुळात फटके मारणारा. पुढे तो प्राण घेणारा झाला. ‘फाशी’चे नाते संस्कृत ‘पाशा’शी आहे. फासेपारध्याचा फासाही त्याच कुळातला. शिकारीचे साधन आणि राज्याचे साधन यांना एकच नाव मिळाले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सूळ, कडेलोट, हत्तीच्या पायी देणे, तोफेच्या तोंडी देणे हे प्रकार इतिहासजमा झाले. ‘सुळावरची पोळी’ मात्र अजून आपल्या बोलण्यात आहे.

हे काम कोणी करावे, याचे उत्तर धर्मशास्त्राने जातीत शोधले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात राजाज्ञेने वध करण्याचे काम चांडाळांकडे सोपवले असून मृताची वस्त्रे, शय्या आणि अलंकार त्यांनी घ्यावेत असे म्हटले आहे. आज्ञा राजाची, विटाळ मात्र चांडाळाचा, अशी ही वाटणी आहे. शूद्रकाने ‘मृच्छकटिका’च्या दहाव्या अंकात ती उलटी करून दाखवली. चारुदत्ताला वधस्थानी नेणारे दोघे चांडाळ घाई करत नाहीत. न जाणो, राजाला पुत्र होईल, राज्य पालटेल आणि वध्य सुटेल, असा त्यांचा हिशेब आहे. चांडाळ कुळात जन्मलो तरी आम्ही चांडाळ नव्हे, सज्जनांना छळणारे ते चांडाळ, असे ते सुनावतात. देवलांच्या नाटकामुळे ही कथा मराठी रंगभूमीवर रुजली. तो प्रश्न कितपत रुजला, हे ज्याने त्याने ठरवावे.

मराठी मुलखात हे काम अनेक ठिकाणी मांगांकडे आले. दोर वळणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. पुढे क्रूर माणसाला ‘मांगहृदयी’ म्हणण्याची रीत पडली. म्हणजे काम लादले गाव-राज्याने, आणि त्या कामाचा कठोरपणा चिकटला जातीच्या स्वभावाला! या विशेषणाला समोरासमोर उत्तर देणारा मजकूर १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीने आपल्या निबंधात पेशवाईतील मांग-महारांच्या हत्यांचे वर्णन केले आहे. ज्यांचे नाव मारेकऱ्याला विशेषण म्हणून लावले, तेच मारले जात होते. कोशातला शब्द आणि हा निबंध शेजारी ठेवून वाचल्याखेरीज त्या शब्दाचा इतिहास पुरा होत नाही.

वर्धा जिल्ह्याला फाशीची आठवण आहे ती आष्टीमुळे. ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी आणि चिमूर येथे उठाव झाले. आंदोलक मारले गेले, तसे पोलीसही. त्यानंतर अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावण्यात आल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी खटपट केली, गांधीजींनीही आवाज उठवला. अखेर १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. पुढे गांधीहत्येच्या खटल्यात नथुराम गोडसेला फाशी देऊ नये, अशी विनंती मणिलाल आणि रामदास या गांधीपुत्रांनी केली. ती मानली गेली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात गोडसे आणि आपटे यांना फाशी देण्यात आली.

वरच्या वाक्यातही कर्मणी प्रयोगच आला आहे. मरेपर्यंत टांगावे असे कायदा म्हणतो, तोही कर्त्याविना. फाशी असावी की नसावी याचा वाद कायदेपंडित घालतील. साहित्याच्या अभ्यासकांनी निदान एवढे करावे: क्रियापदाने गाळलेला कर्ता शोधावा, आणि त्याचे काम त्याच्या जातीच्या नावावर कोणी मांडले, हेही विचारावे. तो दोर त्याने स्वतःसाठी वळलेला नव्हता.