अळ्या पाळणाऱ्या मारियाबाई

गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ते, बी-बियाणं यांवर बोलतो. आज आम्ही तुम्हाला तीनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रकार बाईंबद्दल सांगणार आहोत. त्या आपला देश सोडून दूर समुद्रापलीकडे जाऊन राहिल्या आणि तिथे त्यांनी काम केलं. त्यांच्या या हकिगतीत पैशाची जुळवाजुळव आहे, आई-लेकीची साथ आहे, अळ्या आहेत, ऊस आहे आणि आपल्या दारातलं शंकासुराचं झाडसुद्धा आहे.

बाईंचं नाव मारिया सिबिला मेरियन. जन्म १६४७ चा, जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातला. म्हणजे इकडे शिवाजी महाराज तरुण होते, तेव्हाचा हा काळ. वडील चित्रं कोरून पुस्तकं छापायचे. मारिया तीन वर्षांची असताना ते गेले. आईने दुसरं लग्न केलं. सावत्र वडील फुलांची चित्रं काढायचे, त्यांच्या हाताखाली ही मुलगी रंग घोटायला आणि ब्रश धरायला शिकली.

तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. आता आपल्याकडे जालना-बीड भागात तुतीवर रेशीम घेणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. अंडं, अळी, कोष, पतंग हा क्रम त्यांना पाठ आहे. पण त्या काळात युरोपात पुष्कळ लोकांची समजूत अशी, की अळ्या चिखलातून, कुजक्या घाणीतून आपोआप होतात. ही मुलगी रोज पाला घालायची, बघायची आणि जे दिसलं ते लिहून ठेवायची. मग तिने दुसऱ्या अळ्याही आणून पाळल्या. कोणती अळी कोणत्या झाडाचा पाला खाते, कोषात किती दिवस राहते, त्यातून काय बाहेर येतं, हे सगळं ती टिपू लागली.

लग्न झालं, दोन मुली झाल्या. न्युरेम्बर्ग शहरात राहताना त्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायच्या, रंग विकायच्या. फुलांच्या चित्रांचं त्यांचं पुस्तक भरतकामाला नमुने म्हणून वापरलं जायचं. १६७९ मध्ये त्यांनी सुरवंटांचं पुस्तक काढलं. त्यातली गंमत अशी, की एकाच पानावर अळी, कोष, फुलपाखरू आणि त्या अळीचं खाद्य असलेलं झाड, सगळं एकत्र दाखवलेलं. लेकरं, स्वयंपाक, शिकवणी सांभाळून केलेलं हे काम.

१६८५ मध्ये त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. आई आणि दोन्ही मुलींना घेऊन हॉलंडमधल्या एका ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत राहायला गेल्या. नवरा न्यायला आला, पण त्या परत गेल्या नाहीत. पुढे १६९१ पासून ॲमस्टरडॅम शहरात आई-लेकींनी चित्रं काढून पोट भरलं.

ॲमस्टरडॅम म्हणजे तेव्हाचं मोठं बंदर. लांबच्या देशांतून जहाजं यायची. श्रीमंतांच्या घरी काचेच्या कपाटांत परदेशी फुलपाखरं टाचून ठेवलेली असायची. मारियाबाईंनी ती पाहिली. पण मेलेल्या फुलपाखरावरून त्याची अळी कशी होती, ती काय खात होती, हे कसं कळणार? ते बघायचं तर तिथेच जाऊन राहायला हवं. ती जागा होती सुरिनाम, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरची डच लोकांची वसाहत.

आता खर्चाचा प्रश्न. मारियाबाईंनी आपली २५५ चित्रं विकायला काढली, मृत्युपत्र करून ठेवलं आणि १६९९ च्या जुलैमध्ये जहाजात बसल्या. वय बावन्न. सोबत धाकटी लेक डोरोथेया, वय एकवीस. घरातला पुरुषमाणूस एकही नाही. त्या काळात संशोधक म्हणून कोणी एवढ्या लांब जायचं म्हटलं, तर राजाचा किंवा कंपनीचा पैसा लागायचा. या बाई मुख्यतः स्वतःच्या हातच्या कमाईवर गेल्या.

दोन महिन्यांच्या प्रवासानंतर त्या परामारिबो गावात उतरल्या. तिथे घर घेतलं, घराला बाग होती. आणि मग सुरू झालं रोजचं काम.

हे काम कसं चालायचं, ते नीट समजून घेऊ. आधी रानातून, बागेतून अळी शोधायची. ती ज्या झाडावर सापडली त्याचाच पाला आणायचा, कारण दुसरा पाला घातला तर अळी उपाशी मरते. डबीत ठेवून रोज ताजा पाला, रोज सफाई. अळीने कात टाकली, कोष केला की तारीख लिहायची. फुलपाखरू कधी बाहेर येईल, त्याचा नेम नाही. काही कोष मरायचे, काहींतून फुलपाखराऐवजी दुसऱ्याच माश्या निघायच्या. तेही त्या लिहून ठेवायच्या. कातड्यापासून केलेल्या गुळगुळीत पानाच्या छोट्या तुकड्यावर त्या जलरंगांनी चित्र काढायच्या. अळी आणि कोष मेल्यावर रंग बदलतात, म्हणून त्यांचं चित्र तिथल्या तिथेच काढावं लागे. फुलपाखरं वाळवून आणि साप-सरडे ब्रँडीत बुडवून पुढच्या कामासाठी जपता यायचे. आपल्याकडे कपाशीवरची बोंडअळी ओळखायला बसणाऱ्या बायकांना विचारा, या कामाला किती धीर लागतो ते.

त्यात तिथलं ऊन आणि दमट हवा. हा उकाडा आपल्या जिवावर आला होता, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. चित्र काढायला बसलं की रंगांच्या पेटीजवळ गांधीलमाश्या मातीचं घर बांधायच्या. मुंग्यांच्या फौजा घरात शिरून खोलीमागून खोली साफ करत जायच्या, तोवर माणसांनी बाहेर थांबायचं. एकदा तिथल्या आदिवासी लोकांनी त्यांना मोठे किडे आणून दिले. ते डबीत घालून ठेवले. रात्री डबीतून असा आवाज येऊ लागला, की आई-लेक दचकून उठल्या. डबी उघडली तर आतून जाळ निघाल्यासारखा वाटला आणि भीतीने हातातून डबी पडली, असं त्या लिहितात. हे किडे उजेड देत नाहीत, हे पुढे अभ्यासकांनी सांगितलं. पण किडे पुन्हा गोळा करून त्यांचं चित्र मात्र बाईंनी काढलंच.

तिथलं खाणंपिणंही त्यांच्या कागदांवर उतरलं. अननस, पेरू, पपई, केळी, रताळं. आणि कसावा, म्हणजे ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तो. तिथल्या बायका हा कंद किसून, दाबून त्याचा रस काढून टाकतात आणि मग भाकरी भाजतात. कच्चा रस विषारी असतो, हे त्यांनी नोंदवलं. ही पाककृती कोणाच्या पुस्तकातली नव्हती. ती तिथल्या बायकांच्या हातात होती.

इथे उसाची गोष्ट येते. सुरिनाममधल्या गोऱ्या मळेवाल्यांना साखरेशिवाय काही सुचत नव्हतं. साखर सोडून ही बाई किडे-पाला शोधत फिरते, म्हणून ते आपल्याला हसतात, असं मारियाबाईंनी लिहिलं. पण ही साखर काढत कोण होतं? आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली, विकत घेतलेली माणसं. मळ्यावर त्यांचे हाल व्हायचे. तिथल्या मूळ आदिवासींनाही गुलाम केलं होतं.

मैत्रिणींनो, मारियाबाईंचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणं बरोबर नाही. त्यांच्याकडेही कामाला गुलाम माणसं होती. दाट रानात त्यांना वाट करून द्यायला पुढे कुऱ्हाडी घेऊन तीच माणसं जायची. झाड मुळासकट उपटून त्यांच्या बागेत लावायचं काम त्यांच्याकडच्या आदिवासी माणसाने केलं. एकदा एका काळ्या गुलाम बाईने अळी आणून दिली आणि हिच्यातून काय निघेल तेही सांगितलं. यातल्या एकाचंही नाव पुस्तकात नाही.

तरी एक गोष्ट त्यांनी लिहिली, जी त्या काळात दुसऱ्या कोणी फारशी लिहिली नाही. आपल्या अंगणात, शाळेच्या कुंपणाला लाल-पिवळ्या तुऱ्यांचं शंकासुर असतं ना, त्याचं चित्र त्यांच्या पुस्तकात आहे. त्याखाली त्या सांगतात, की गुलाम केलेल्या बायका या झाडाचं बी पोट पाडण्यासाठी वापरतात. आपलं मूल आपल्यासारखंच गुलामीत जन्मू नये, म्हणून. मेल्यावर आपण आपल्या देशात, आपल्या माणसांत स्वतंत्र जन्म घेऊ, असा त्यांचा विश्वास होता. हे त्या बायकांनीच आपल्याला सांगितलं, असं मारियाबाई स्पष्ट लिहितात. हे आम्ही औषध म्हणून सांगत नाही, कोणी असा प्रयोग करू नये. सांगायचं ते एवढंच, की फुलाच्या चित्राखाली त्या बायकांचं दुःख छापलं गेलं, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आलं.

ऊस आणि बाईचं पोट यांचा संबंध आपल्यालाही नवा नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. तो काळ वेगळा, देश वेगळा, ती गुलामी आणि ही मजुरी एक नव्हे. पण त्या बायका बोलल्या आणि कोणीतरी लिहून घेतलं, तेव्हाच जगाला कळलं, हे दोन्हीकडे सारखं आहे.

मारियाबाईंना तिथे आणखी राहायचं होतं. पण तब्येत फारच बिघडली, आणि १७०१ च्या जूनमध्ये आई-लेक परत निघाल्या. त्यांच्याबरोबर एक आदिवासी बाईही जहाजात होती. जहाजाच्या यादीत मारियाबाईंचं नाव आहे. या बाईची नोंद मात्र ‘त्यांची इंडियन बाई’ एवढीच.

ॲमस्टरडॅमला आल्यावर काम संपलं नव्हतं. चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यायची होती, त्याला मोठा खर्च होता. त्यांनी वाळवलेले किडे आणि बाटलीतले प्राणी विकले. पुस्तक निघण्याआधीच गिऱ्हाइकांकडून आगाऊ नावनोंदणी घेतली. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आपण आधी घेतो, तसंच म्हणा ना! १७०५ मध्ये साठ मोठ्या चित्रांचं पुस्तक निघालं, डच आणि लॅटिन अशा दोन भाषांत. पुढे लिनियससारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने प्राण्यांना नावं देताना त्याचा आधार घेतला.

टीकाही झाली. एका चित्रात पेरूच्या झाडावर मोठा कोळी चिमुकल्या पक्ष्याला खाताना दाखवलाय. १८३४ मध्ये छापलेल्या लेखात एका इंग्रज पाद्र्याने, सुरिनामला न जाताच, बाईंच्या पुस्तकात चुकाच चुका आहेत असं लिहिलं. पुढे हेन्री बेट्स नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने ॲमेझॉनच्या रानात पक्षी मारणारा कोळी स्वतः पाहिला. बाईने जे पाहिलं होतं ते खरं ठरायला दीडशेहून जास्त वर्षं गेली.

१७१७ मध्ये मारियाबाई वारल्या. मृत्यूच्या नोंदीत त्यांना गरीब म्हणून लिहिलं गेलं. त्याच सुमारास रशियाच्या झार पीटरच्या माणसाने त्यांची चित्रं विकत घेतली. लेक डोरोथेया पुढे सेंट पीटर्सबर्गला जाऊन चित्रकलेचंच काम करत राहिली. मारियाबाईंची नोंदवही आजही त्याच शहरात जपून ठेवली आहे. जर्मनीने नंतर आपल्या ५०० मार्कच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला.

म्हणजे बघा, गरिबीत गेलेल्या बाईंचं नाव राहिलं, कारण त्यांनी रोजच्या रोज लिहिलं. आणि ज्यांच्याकडून त्या शिकल्या त्या बायकांचं ज्ञान राहिलं, पण नावं गेली, कारण ती कोणी विचारलीच नाहीत.

आपल्या गावातही कोणती अळी कोणत्या पिकावर कधी येते, कोणतं गावरान बी कसं राखायचं, कोणता कंद किती वेळा उकडायचा, हे सांगणाऱ्या आज्या आणि मावश्या आहेत. बाहेरून माणसं येतात, त्यांना विचारतात, फोटो काढतात आणि जातात. तेव्हा पुढच्या बैठकीला गटाच्या वहीत एक पान राखून ठेवा. माहिती लिहा आणि तिच्यासमोर सांगणारीचं पूर्ण नाव लिहा, तिच्या गावासकट. कोणी माहिती न्यायला आलं, तर ते नाव त्यांच्या कागदावरही लिहिलं जातंय ना, एवढं उभं राहून बघा.